जुन्या आर्केड मशीनचा ट्रान्सफॉर्मर: तपासणी आणि दुरुस्ती

मशीन चालू होत नाही म्हटले की पहिला संशय ट्रान्सफॉर्मरवर जातो, कारण तोच सगळ्यात जड आणि जुनाट दिसतो. प्रत्यक्षात बहुतेक बंद मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर ठणठणीत असतो. तांबे, लोखंड आणि वार्निश, यात झिजण्यासारखे फारसे काही नसते. जातात ते फ्यूज होल्डरचे क्लिप, कनेक्टरच्या पिना, ब्रिज रेक्टिफायर (ए.सी.चे डी.सी. करणारे चार डायोड) आणि तो डी.सी. सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर. म्हणून तपासणी याच क्रमाने करायची आणि ट्रान्सफॉर्मरला शेवटी दोषी धरायचे.

कोणत्या मशीनमध्ये काय असते

अटारीच्या १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये कॅबिनेटच्या तळाला एक पत्र्याचा ठोकळा असतो, त्याला सगळे 'ब्रिक' म्हणतात. त्यात ट्रान्सफॉर्मर, फ्यूज ब्लॉक, ब्रिज आणि २७,००० मायक्रोफॅरड, १५ व्होल्टचा निळा कपॅसिटर म्हणजे 'बिग ब्लू' असतो. बिग ब्लूवर सुमारे १०.३ व्होल्ट डी.सी. मिळतो. तो ऑडिओ-रेग्युलेटर बोर्डावर जाऊन ५ व्होल्ट होतो. व्हेक्टर मॉनिटरला (चित्र थेट रेषांनी काढणाऱ्या पडद्याला) लागणारा कमी व्होल्टचा ए.सी.ही याच ब्रिकमधून निघतो.

'पॅक-मॅन'ची रचना वेगळी आहे. तिथे ट्रान्सफॉर्मरचा कमी व्होल्टचा ए.सी. थेट गेम बोर्डावर जातो आणि रेक्टिफायर व रेग्युलेटर बोर्डावरच असतात. एवढा करंट बोर्डाच्या कडेवर बसणाऱ्या ४४ पिनांच्या एज कनेक्टरमधून वाहतो, त्यामुळे तिथल्या पिना काळ्या पडणे हे त्या मशीनचे जुने दुखणे आहे.

अमेरिकेत विकलेल्या 'डाँकी काँग'मध्ये ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे १०० व्होल्ट करतो, कारण आतला मॉनिटर जपानी, १०० व्होल्टचा. त्या जागी कोणी साधी वायर जोडून १२० व्होल्ट दिले तर मॉनिटर काही काळ चालतोही, आणि मग जातो.

रास्टर मॉनिटरबद्दल (टीव्हीसारखे ओळींनी चित्र काढणाऱ्या पडद्याबद्दल) एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इलेक्ट्रोहोम जी०७ सारख्या मॉनिटरची चासी (सर्किटचा सांगाडा) मेन्सपासून, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून, वेगळी केलेली नसते. ते काम कॅबिनेटमधला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन्सशी थेट जोडणी न ठेवता वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, करतो. तो काढून मॉनिटरला सरळ मेन्स दिले तर फ्यूज उडणे हा त्यातल्या त्यात स्वस्तातला परिणाम. नशीब खराब असेल तर चासीवर जिवंत फेज बसते. लॉजिकसाठी ५ व्होल्टचा एस.एम.पी.एस. (हलका स्विचिंग पॉवर सप्लाय) लावून जुना ट्रान्सफॉर्मर फेकून देणारे नेमके हेच विसरतात.

भारतात चालवताना

अमेरिकन मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टचा प्रश्न स्टेप-डाउनने (व्होल्ट कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) सुटतो, हर्ट्झचा सुटत नाही. कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, व्होल्ट भागिले हर्ट्झ या हिशोबाने ठरतो: १२० ला ६० ने भागले की २. तोच आकडा ५० हर्ट्झवर ठेवायचा तर फक्त १०० व्होल्ट देता येतात. नेमप्लेटवर ५०/६० लिहिले असेल तर काळजी नको. जपानमध्ये टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झ असल्यामुळे जपानी बाजारासाठीचे १०० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर ५० सहज पेलतात. नुसते ६० लिहिले असेल तर १२० व्होल्ट देऊ नका, स्टेप-डाउन १००-११० चा घ्या. १०० वर सगळी सेकंडरी (बाहेर व्होल्ट देणारी वायंडिंग; मेन्स घेणारी ती प्रायमरी) सुमारे १७ टक्क्यांनी खाली येतात आणि रेग्युलेटरला हात राखून काम करायला जागा कमी उरते. त्यामुळे ११० देऊन तापमानावर लक्ष ठेवणे हा आम्हाला व्यवहार्य मध्यममार्ग वाटतो.

बाजारातले बरेच स्टेप-डाउन आणि सगळे नेहमीचे डिमरस्टॅट (मूठ फिरवून व्होल्ट कमी-जास्त करणारे) ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत प्रायमरी-सेकंडरी वेगळे नसतात, म्हणजे आयसोलेशन शून्य. मॉनिटरचा स्वतःचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर तरीही लागतोच.

प्लग काढून करायच्या गोष्टी

प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. बिग ब्लू स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने टर्मिनल खराब होते. १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर त्याच्या टोकांवर दोन-तीन सेकंद धरा आणि मीटरने शून्याच्या जवळ आल्याची खात्री करा. पिक्चर ट्यूबच्या अॅनोडकडे हात नेऊ नका, या कामात त्याची गरज नाही.

आता बघा आणि वास घ्या. जळक्या वार्निशचा तिखट वास, काळवंडलेली टेप, बाहेर ओघळलेले मेण किंवा वार्निश दिसले तर ट्रान्सफॉर्मरवरचा संशय खरा. फ्यूज ब्लॉकचे क्लिप तपकिरी पडले असतील आणि फ्यूज सैल बसत असेल तर बराचसा रोग तिथेच सापडला. फ्यूज काढून मीटरने तपासा. काचेतून तार शाबूत दिसूनही फ्यूज ओपन असू शकतो.

दरवाज्यातला इंटरलॉक स्विच विसरू नका. मागचा किंवा पुढचा दरवाजा उघडला की तो वीज तोडतो. तपासताना त्याचा दांडा बाहेर ओढून ठेवावा लागतो, नाहीतर 'ट्रान्सफॉर्मर मेला' असा निष्कर्ष उगाच निघतो.

ओहमचे माप आणि त्याची मर्यादा

सेकंडरीचे सगळे कनेक्टर काढा. १५०-२५० व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे क्षमता) १२० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी एक ते काही ओहम दाखवते. ओपन असेल तर तोडलेली लीड, इंटरलॉक किंवा आत दडलेला थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर उडणारा) शोधा. सेकंडरी मात्र एका ओहमच्या फार खाली असते आणि साधा मल्टिमीटर तिथे स्वतःच्या प्रोबचाच रेझिस्टन्स दाखवतो. खरे माप हवे असेल तर बेंच सप्लायने वायंडिंगमधून १ अँपिअर डी.सी. सोडा आणि थेट वायंडिंगच्या टोकांवर मिलिव्होल्ट वाचा. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम. वायर काढण्यापूर्वी करंट हळूहळू शून्यावर आणा, चालू करंट एकदम तोडला तर वायंडिंग जोरात झटका देते.

मग मेगर, म्हणजे उच्च व्होल्टवर इन्सुलेशन मोजणारा मीटर. ५०० व्होल्टवर प्रायमरी ते कोअर, प्रायमरी ते प्रत्येक सेकंडरी. मेन्सच्या वाटेवरचा लाइन फिल्टर आधी काढा, त्यातले कपॅसिटर आकडा बिघडवतात. चांगला ट्रान्सफॉर्मर १०० मेगओहमच्या वर दाखवतो. २ मेगओहमच्या खाली असेल तर तो वापरू नका. पावसाळ्यात गोदामात पडलेले मशीन असेल तर दमटपणाने आकडा खाली येतो. अशा वेळी १०० वॉटच्या बल्बजवळ दिवसभर ठेवून पुन्हा मोजा. आकडा चढला तर ओलावाच होता, न चढला तर इन्सुलेशन गेले.

हे सगळे बरोबर आले तरी ट्रान्सफॉर्मर खराब असू शकतो. दोन-चार वेढे आपसात शॉर्ट झाले की ओहममध्ये फरक पडतो नगण्य, पण ते वेढे शॉर्ट केलेल्या सेकंडरीसारखे वागतात आणि करंट ओढत राहतात. ते फक्त ए.सी.वरच दिसते.

सिरीज बल्ब

गल्लीतल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असलेला सिरीज बोर्ड (तपासायची वस्तू बल्बमधून वीज देऊन चालवणारा) इथे उपयोगी पडतो, पण एक जीवघेणी चूक टाळा. १२० व्होल्टची प्रायमरी २३० व्होल्टच्या सिरीज बोर्डावर लावू नका. रिकामा ट्रान्सफॉर्मर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे बल्बवर फारसे काही पडत नाही आणि जवळजवळ सगळे व्होल्ट प्रायमरीवर येतात. कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि चांगला ट्रान्सफॉर्मरही बिघडल्यासारखा दिसतो, किंवा खरोखरच बिघडतो. बल्ब स्टेप-डाउनच्या ११० व्होल्टच्या बाजूला ठेवा. २३० व्होल्टचा १०० वॉटचा बल्ब ११० वर पिवळसर, मंद पेटतो. आधी तो एकटाच लावून त्याचा उजेड ओळखून घ्या.

सेकंडरी सगळ्या मोकळ्या असताना बल्ब क्षणभर उजळून विझला की ट्रान्सफॉर्मर चांगला. एकटा लावल्यासारखाच पेटत राहिला तर वेढे शॉर्ट. मधलाच उजेड आला तर डिमरस्टॅटने पुढचे बघा: प्रायमरीला ३० व्होल्ट देऊन सगळी सेकंडरी मोजा. नेमप्लेटवर १२० ला १२ असेल तर ३ व्होल्ट यायला हवेत. बाकीची बरोबर आणि एकच सेकंडरी काही टक्क्यांनी कमी असेल तर त्याच वायंडिंगवर संशय घ्या. पूर्ण व्होल्टवर मोकळी सेकंडरी नेमप्लेटपेक्षा ५ ते १५ टक्के जास्त दिसतात, ते नेहमीचे आहे.

शेवटी तासभर रिकामा चालू ठेवा. कोअर कोमट व्हायला हरकत नाही. हात टेकवत नसेल इतका तापला तर वेढे शॉर्ट आहेत किंवा व्होल्ट जास्त दिले जात आहेत. आतले तापमान मोजायची एक छान युक्ती: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. थंड प्रायमरी २.०० ओहम होती आणि बंद केल्याबरोबर २.३० भरली तर वायंडिंग सुमारे ३८ अंशांनी तापले.

फ्यूज उडतो तेव्हा

सगळे सेकंडरी कनेक्टर काढून योग्य फ्यूज घाला. मेन्सचा फ्यूज तरीही उडाला तर लाइन फिल्टर आधी वेगळा करून बघा, मग ट्रान्सफॉर्मर. टिकला तर एकेक कनेक्टर लावत जा. ज्यावर उडेल तिथे दोष. बहुतेक वेळा तो ब्रिजमध्येच सापडतो. डायोड मोडवर प्रत्येक डायोड ०.४ ते ०.६ व्होल्ट दाखवायला हवा, शून्याजवळ असेल तर शॉर्ट.

डायोड ओपन असला तर फ्यूज उडतही नाही, पण वेगळीच गंमत होते. सेंटर-टॅप रचनेतला एक डायोड गेला की वायंडिंगमधून एकाच दिशेचा करंट वाहतो, कोअर चुंबकीय होऊन एका बाजूला सरकतो, घरघर वाढते, ट्रान्सफॉर्मर तापतो. लोक ट्रान्सफॉर्मर बदलतात आणि नवाही घरघरतो.

मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालून 'चालवून बघणे' ही आत्महत्या आहे. रेटिंग ब्लॉकवरच्या लेबलवर असते. मेन्सच्या जागी स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसून सावकाश उडणारा) असेल तर स्लो-ब्लोच घाला, कारण चालू करताना येणारा झटका साधा फ्यूज उडवतो.

दुरुस्ती

फ्यूज होल्डर: मशीन चालू असताना फ्यूजच्या दोन्ही टोकांच्या क्लिपवर ए.सी. मिलिव्होल्ट मोजा. ५ अँपिअरवर ०.३ व्होल्ट पडत असेल तर तिथे दीड वॉटची उष्णता सतत तयार होत आहे. क्लिप घासून, वाकवून पुन्हा घट्ट केले तर चार महिने चालते. स्प्रिंग एकदा तापून ढिली झाली की ती परत येत नाही. ब्लॉक बदला.

कनेक्टर: काळ्या पिना घासू नका, नवीन पिन क्रिंप करा (वायरवर दाबून बसवा), आणि नर व मादी दोन्ही बाजूंच्या. एकच बदलली तर जुनी पिन नवीला दोन महिन्यांत काळी करते. क्रिंप प्लायरने करा, नाकाच्या पक्कडने दाबलेली पिन सैलच राहते.

थर्मल फ्यूज: काही ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरीच्या टेपखाली असतो. टेप हलक्या हाताने उचलून त्यावरचे तापमान आणि अँपिअर वाचा, तोच घाला. तो सोल्डर करताना उष्णतेनेच उडतो, म्हणून क्रिंप करा किंवा पायाला पक्कड धरून उष्णता शोषून घ्या. मधे वायर टाकून बायपास करणे निव्वळ धोका.

घरघर: स्टॅम्पिंगचे बोल्ट थंड असताना घट्ट करा, मग पातळ वार्निश पट्ट्यांच्या कडांना ओघळू द्या. त्याने नाही थांबली तर वर सांगितलेले डायोड बघा.

रिवाइंडिंग

वेढे शॉर्ट झाले असतील आणि तोच ट्रान्सफॉर्मर वाचवायचा असेल तरच हे करा. प्रायमरी अजून चालत असेल तर कोअरच्या फटीतून बारीक इन्सुलेटेड वायरचे १० वेढे गुंडाळा, डिमरस्टॅटने प्रायमरीला रेटिंगइतके व्होल्ट द्या आणि त्या वेढ्यांवर मोजा. ४ व्होल्ट आले तर वेढ्यामागे ०.४ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टला ३० वेढे. भाराखाली घसरण होते, म्हणून ५ टक्के जास्त घाला.

सोडवताना प्रत्येक थराचे वेढे, तारेचा गेज आणि थरांमधला कागद लिहून ठेवा. दुकानदाराला 'जुन्यासारखे करून द्या' सांगून सोडू नका. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये मिलिनेक्सचे (प्लास्टिकच्या इन्सुलेटिंग फिल्मचे) निदान तीन थर सांगा. तारेसाठी चौरस मिलिमीटरला २.५ ते ३ अँपिअर धरा. ब्रिज आणि कपॅसिटर पुढे असेल तर वायंडिंगमधला ए.सी. डी.सी.च्या १.६ ते १.८ पट असतो, त्यावरून तार ठरवा. हे न केल्यामुळे नवी सेकंडरी जुन्यापेक्षा लवकर तापते. वार्निश भट्टीत वाळवायला सांगा, उन्हात नाही.

२३० व्होल्टची प्रायमरी करून घेण्याचा मोह होतो, पण नुसते वेढे दुप्पट करून भागत नाही. ५० हर्ट्झसाठी वेढ्यामागे व्होल्ट सुमारे १७ टक्के कमी धरावे लागतात, म्हणजे प्रायमरी-सेकंडरी दोन्हींचे वेढे वाढतात. बॉबिनमध्ये तेवढी जागा आहे का, आधी बघा.

पहिल्यांदा चालू करताना

गेम बोर्ड, मॉनिटर आणि ऑडिओ-रेग्युलेटर सगळे काढून ठेवा. सिरीज बल्बवर चालू करा, मग बल्ब काढून सेकंडरी मोजा. बिग ब्लू जुना असेल तर डिमरस्टॅटने अर्ध्या तासात हळूहळू वर नेऊन बघा, गरम झाला तर बदला. १०.३ च्या आसपास आले की रेग्युलेटर बोर्ड लावा आणि ५ व्होल्ट बघा, मग गेम बोर्ड. ५ व्होल्टचे माप गेम बोर्डावरच्या टेस्ट पॉइंटवर घ्या, रेग्युलेटरवर नाही, कारण मधल्या वायरमध्ये काही दशांश व्होल्ट पडतात. ५.०० ते ५.१० च्या दरम्यान रेग्युलेटरवरच्या ट्रिमपॉटने (स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) बसवा. एक तास खेळू द्या, आणि प्लग काढून फ्यूज ब्लॉक, एज कनेक्टर आणि ब्रिज यांना बोट लावून बघा.