तापातून उठून थेट मैदानावर? या चुका टाळा

पावसाळ्यात म्हापशापासून फोंड्यापर्यंत घराघरात कोणीतरी तापाने पडलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच पोरांना मॅचची घाई. फुटबॉल शिकवताना दरवर्षी पाहतो: पोरं नवी, चुका त्याच.

सगळ्यात घातक म्हणजे गोळी घेऊन खेळणं. पॅरासिटामॉलने ताप दबतो, विषाणू जात नाही. आमचा एक विंगर दुपारी गोळी घेऊन संध्याकाळी पेडेच्या मैदानावर हजर झाला. घरच्यांनीही सांगितलं नाही. पहिल्या हाफमध्ये जोरात धावला. पाणी प्यायला आला तेव्हा ओठ पांढरे, हात छातीवर. "काही नाही सर, गॅस झालाय." तसाच गाडीत घातला. ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं. हृदयाच्या स्नायूला सूज, म्हणजे मायोकार्डायटिस. यात डॉक्टर साधारण 3 ते 6 महिने खेळ बंद करतात. पोरगा वाचला. वडील मात्र वॉर्डाबाहेर मलाच विचारतात, "फायनलला खेळेल ना?"

तेव्हापासून माझ्याकडे वाद नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब यांपैकी काहीही असेल तर घरी. नुसतं नाक वाहत असेल तर थोडं चाला. गोळीशिवाय ताप गेला की सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची. नेहमीपेक्षा दहाएक ठोके जास्त असतील तर त्या दिवशी सुट्टी. नाडी जागेवर आली की आधी चालणं, मग बोलता येईल इतपत जॉगिंग, मग बॉल. मॅच सगळ्यात शेवटी. हे कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

डेंग्यूवाल्यांचं गणित तर उलटंच. ताप उतरला की बरं झालं असं वाटतं, पण पुढचे 24 ते 48 तासच धोक्याचे. प्लेटलेट्सही साधारण तेव्हाच तळाला जातात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त आलं तर तडक हॉस्पिटल. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. रिपोर्ट सुधारल्यावरही थकवा कित्येक आठवडे राहू शकतो, त्याला आळस म्हणू नका.

चिकनगुनियानंतर दुखऱ्या घोट्याला पट्टी बांधून शॉट मारू नका.

"घाम काढ, ताप पळेल" म्हणणारा जिममधला मित्र ताप चढल्यावर फोन उचलत नाही.

नुसत्या पेजेवर मिरामारला पळायला जाऊ नका. आधी दोन दिवस नीट जेवा.

आणि परत सुरू केल्यावर छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली किंवा नेहमीच्या जिन्यालाही धाप लागली, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.