भाषणाची सुरुवात: 3 जानेवारीच्या आधी काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी सूत्रसंचालकाला फोन करा. मुद्दे काढणं, वाचन, पाठांतर सगळं त्यानंतर.

गेल्या 3 जानेवारीला एका शाळेत सावित्रीबाईंच्या जयंतीला मी प्रमुख पाहुणी म्हणून गेले होते. सुरुवात पक्की ठरली होती: अंगावर शेणमाती येणार हे माहीत असल्यामुळे शाळेत जाताना जास्तीचं लुगडं बरोबर नेणाऱ्या सावित्रीबाई. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं घरी म्हणून पाहिलं होतं. प्रास्ताविकात तोच प्रसंग आला. मग सातवीतल्या एका मुलीने तोच सांगितला, फार छान सांगितला. मग सूत्रसंचालनात, माझी ओळख करून देताना, पुन्हा तोच. मी उभी राहिले तेव्हा बोलायला दुसरं काही नव्हतं. 'आत्ताच आपण ऐकलं त्याप्रमाणे' म्हणत मी तो चौथ्यांदा सांगितला. पुढच्या रांगेतली मुलं सतरंजीचे धागे ओढायला लागली आणि शेवटपर्यंत ओढत राहिली. ज्या मुलांसाठी गेले होते त्यांच्यापर्यंत मी पोचले नाही, याची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून फोन. त्यात नेमकं विचारा: प्रास्ताविक कोण करणार आणि त्यात कुठला प्रसंग येणार, मुलांची भाषणं किती आणि कशावर, माझी ओळख करून देताना काय सांगणार. अवघड वाटायचं कारण नाही, लोक आनंदाने सांगतात. 'कार्यक्रमपत्रिका पाठवतो' म्हणाले तर तेवढ्यावर थांबू नका. पत्रिकेत फक्त नावं असतात, प्रसंग नसतात.

फोन केला तरी दुसरी सुरुवात तयार हवीच, कारण आयत्या वेळी कुणीतरी उभं राहतंच. सावित्रीबाईंच्या बाबतीत तर प्रसंगांची ददात नाही. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, हातात घेऊन त्या स्वतः पुढे चालल्या. 1897 च्या प्लेगात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात आणलं. पुढे त्यांनाच प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. समोर पाचवी-सहावीची मुलं असतील तर हा दुसरा प्रसंग घ्या, कारण पाठीवर आपल्याच वयाचं मूल आहे हे त्यांना लगेच दिसतं. पालक आणि शिक्षक जास्त असतील तर टिटव्याचा. पुण्यात बोलणार असाल तर भिडेवाड्यापासूनही सुरुवात होते. 1848 साली मुलींची शाळा तिथे सुरू झाली, आणि 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी तो वाडा पाडला. जी जागा श्रोत्यांनी येता-जाता पाहिली आहे, तिच्याबद्दल ते कान देऊन ऐकतात.

'सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी नायगाव येथे झाला' हे पहिलं वाक्य करू नका. तेच मागच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं असतं.

प्रसंग निवडलात की त्यातून विषयाकडे नेणारं एक वाक्य लिहून ठेवा. प्लेगचा प्रसंग सांगून एकदम 'तर शिक्षणाचे महत्त्व' म्हणालात की सगळं तुटतं. 'हे पाठीवर घेणं 1897 मध्ये सुरू झालं नाही, 1848 मध्येच झालं होतं' असं काहीतरी, तुमच्या शब्दांत. पहिली चार वाक्यं आणि हे वाक्य तोंडपाठ हवं, बाकीचं भाषण टिपणावरून चालेल. पाठ म्हणजे मोठ्याने म्हणून, उभं राहून. मनातल्या मनात म्हटलेलं तिथे गेल्यावर आठवत नाही.

मान्यवरांची नावं हा खरा चोर आहे. अध्यक्ष, संस्थाचालक, मुख्याध्यापक, सरपंच करत पहिला दीड मिनिट जातो, आणि मुलं पहिल्या अर्ध्या मिनिटातच ठरवतात ऐकायचं की नाही. मी आता आधी प्रसंग सांगते, मग थांबून अध्यक्षांचं नाव घेते आणि बाकीच्यांना एकत्र नमस्कार करते. आजवर कुणी रागावलेलं नाही. जिथे रागावतील असं वाटतं तिथे नावं आधी घ्या, पण कागदावरून आणि अचूक. आडनाव चुकलं की पुढचा प्रसंग कुणी ऐकत नाही. आणि हेही त्याच फोनवर विचारून घ्या. फोन केलात ना?

प्रश्नाने सुरुवात करायची असेल तर 'हात वर करा' असा प्रश्न घ्या. 'सांगा बरं' म्हटलंत की तीनशे मुलं एकदम ओरडतात, मग शिक्षक ओरडतात, आणि तुमची सुरुवात गेली. 'मी काही वक्ता नाही', 'घसा बसलाय', 'वेळ थोडा आहे' यातलं काहीही बोलू नका.

माइक आधी तपासा. चष्मा, पाणी. मोबाइल बंद.

उभं राहिल्यावर दोन श्वास गप्प राहा, मग बोला.

कार्यक्रमाच्या दिवशी निघण्याआधी सूत्रसंचालकाला पुन्हा एकदा फोन, कारण आदल्या रात्री वक्ते बदलतात. पोचल्यावर प्रास्ताविक लक्ष देऊन ऐका, चहा नंतर घ्या. तुमचा प्रसंग तिथे आला तर दुसरा कागद वर घ्या. दोन्ही कागद एकाच खिशात ठेवू नका.