पळणं जास्त जोरात, वजन जास्त हलकं: या चुका टाळा

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या चढावर सकाळी सहाला एक मुलगी माझ्यापुढून सुसाट पळत गेली. तिसऱ्या फेरीला बघते तर कठड्याला धरून वाकलेली. "ताई, माझ्याच्यानं नाही होत जी. चक्कर येऊन राहिली." कॉलेज सुटल्यापासून तीन वर्षं मिहानच्या ऑफिसात खुर्चीवर, आणि पहिल्याच दिवशी मोबाइलवर टबाटा नावाच्या कडक व्यायामाचा टायमर लावलेला.

नंतर कळलं, ही जिममध्ये एक किलोचे गुलाबी डंबेल्स उचलते. घरी मात्र तांदळाचा २५ किलोचा कट्टा एकटी ओढत नेते. नव्यानं सुरू करणाऱ्या बहुतेकींचं असंच उलटं होतं. इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोर, थोडा वेळ विश्रांती, झेपेल त्यापेक्षा कठीण, वजन हवं त्यापेक्षा हलकं.

टबाटापासून सुरुवात

२० सेकंद जीव खाऊन जोर, १० सेकंद थांबणं. हा प्रकार १९९६ मध्ये जपानच्या इझुमी टबाटांच्या शोधनिबंधामुळे गाजला. पण तो ज्यांच्यावर तपासला ते शारीरिक शिक्षणाचे, आधीच तयारीचे तरुण मुलगे होते, तेही व्यायामाच्या सायकलवर. तीन वर्षं बसून असलेल्या मुलीनं तो पहिल्या दिवशी का करावा?

त्याऐवजी सात मिनिटं साधं चाला. मग एक मिनिट भरभर चाल किंवा हलकं पळणं आणि दोन मिनिटं सावकाश चालणं, अशा सहा फेऱ्या. जोराच्या मिनिटात दोन-तीन शब्द बोलता यावेत, अख्खं वाक्य नको. सावकाश चालताना मात्र गप्पा मारता आल्या पाहिजेत. तोवर दम खाली बसला नसेल तर आणखी एक मिनिट चाला. यात लाजण्यासारखं काही नाही, या विश्रांतीमुळेच पुढची फेरी नीट होते. शेवटची फेरी पहिलीपेक्षा फारच संथ पडली, तर पहिलीच जास्त जोरात झाली असं समजा.

वजनाची भीती

"हात जाड होतील" ही धास्ती सोडा. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं फार कमी असतं. आठवड्यातून दोनदा डंबेल उचलून कोणी पहिलवान होत नाही. आठ ते बारा वेळा उचलल्यावर शेवटचे दोन-तीन जड जायला हवेत. वीस वेळा उचलूनही बोलणं सुरूच असेल तर वजन वाढवा. खुर्चीवर बसणं-उठणं, ओट्याला हात टेकवून पुश-अप, पाठीसाठी डंबेल ओढणं, कंबरेतून वाकून वजन उचलणं: सुरुवातीला एवढं पुरे, प्रत्येकाचे दोन सेट, म्हणजे आठ-बारा वेळा करून थांबायचं, असं दोनदा. दोन सेटच्या मधे दीड-दोन मिनिटं बसा. इथे घाई केली की वजनाचा व्यायाम फक्त धापा टाकण्याचा होतो.

दोन्ही एकाच दमात

सोमवार-गुरुवार वजनं, मंगळवार-शनिवार इंटरव्हल, असे दिवस वेगळे ठेवले तर उत्तम. एकाच दिवशी करायचंच तर आधी वजनं. थकल्या पायांनी बैठका मारताना गुडघे आत वळतात, आणि मग "व्यायामानं गुडघे गेले" अशी तक्रार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराच्या हालचालीसोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. पहिल्या महिन्यात तेवढं जमलं नाही तर बिघडत नाही.

काहीतरी बिनसलं तर

चक्कर येते? आधी विचारा, पोटात काय होतं. नुसत्या चहावर पळायला निघणाऱ्या मी रोज बघते. निदान एक केळं खा. तरीही दम लागतच राहिला तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. अशा वेळी स्वतःला आळशी म्हणत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर लगेच.

दोन-तीन दिवस पायऱ्या उतरताना मांड्या ठणकणं साधं आहे. पण दुखणं असह्य आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी शेकत बसू नका, दवाखाना गाठा.

काटा हलत नाही म्हणून रडू नका. नव्या व्यायामानं स्नायूंत काही दिवस पाणी धरून राहतं. टेपनं कंबर मोजा. आणि हो, व्यायामानंतर तर्री-पोहे खायचेच असतील तर तर्रीतले चणे जास्त मागून घ्या. प्रथिनं त्यांतच आहेत, पोह्यांत फारशी नाहीत.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा पळणं साडेसहाच्या आत आटपा. उशीर झाला तर कूलरसमोर नुसती वजनं करा, इंटरव्हलला त्या दिवशी सुट्टी.