जुना कॉम्प्युटर घरी आणलात? या चुका टाळा

नागपुरात जुना कॉम्प्युटर सापडतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी माळ्यावर, नाहीतर भंगारवाल्याच्या गोदामात. बंद पडलेल्या डीटीपी सेंटरमधला ४८६ प्रोसेसरचा पीसी, शाळेच्या स्टोअररूममधला बीबीसी मायक्रो, कुणाच्या काकांनी हौसेनं घेतलेला स्पेक्ट्रम हा छोटा घरगुती कॉम्प्युटर. तीस-पस्तीस उन्हाळे त्यानं पत्र्याखाली काढलेले असतात. एवढं सोसून टिकलेलं मशीन मरतं ते आपल्या घरी आल्यावर, पहिल्या दहा मिनिटांत. हे मी माझ्या आणि मित्रांच्या घरी इतक्यांदा पाहिलंय, की आता कुणीही "काल एक एक्सटी मिळाला" (एक्सटी म्हणजे ऐंशीच्या दशकातला आयबीएम धर्तीचा पीसी) असं म्हटलं की मी आधी विचारतो, प्लग लावला तर नाही ना?

आणला आणि लावला

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माझा पहिला एक्सटी मी इतवारीतून सायकल रिक्षात घालून आणला. घरी सगळे जमले, मी प्लग लावला, बटण दाबलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि खोली धुरानं भरली. मागच्या बाजूला एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर (पुढे त्यालाच सप्लाय म्हटलंय), एक छोटा लाल स्विच होता आणि तो ११५ व्होल्टवर होता. त्या जागी स्विच असला की सप्लायच्या आतलं सर्किट येणारा व्होल्टेज दुप्पट करून घेतं. आपल्याकडचे २३० व्होल्ट त्यात गेले, तर आतल्या कॅपॅसिटरवर साडेसहाशेच्या आसपास व्होल्ट चढतात. तेवढे सोसायला ते बनवलेलेच नसतात. बाहेरून मागवलेल्या प्रत्येक मशीनवर हा स्विच आधी बघा.

स्विच बरोबर असला तरी थांबा. जुन्या सप्लायमध्ये मेन्सच्या तोंडाशी धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे कॅपॅसिटर असतात, पिवळट पारदर्शक अंगाचे, रिफा या नावानं ओळखले जाणारे. काळानुसार त्यांच्या कवचाला बारीक चिरा जातात आणि आत ओल शिरते. पावसाळे काढलेला असा कॅपॅसिटर पुन्हा २३० व्होल्टला जोडला की थोड्या वेळानं पेटतो, घाण वास येतो आणि काळा चिकट थर सगळीकडे बसतो. १९८४ पासून 'क्लास' या शाळांमधल्या कॉम्प्युटर शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रोमध्ये ही तक्रार नेहमीची. चिरा दिसोत वा न दिसोत, मी ते आधीच काढतो आणि तेवढ्याच क्षमतेचे एक्स-२ दर्जाचे, म्हणजे थेट मेन्सवर लावायला बनवलेले, फिल्म कॅपॅसिटर बसवतो. साधा कॅपॅसिटर तिथे चालत नाही.

मग सिरीज बोर्ड. गल्लीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे तो असतो: साठ किंवा शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब मशीनच्या आधी सिरीजमध्ये. एलईडी बल्ब या कामाचा नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. ही तपासणी मदरबोर्ड न जोडता करायची. पण जुने सप्लाय मोकळे चालत नाहीत, त्यांना काहीतरी लोड लागतो. ५ व्होल्टच्या वायरवर गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्टचा बल्ब लावला तरी भागतं. मल्टिमीटरवर ४.७५ ते ५.२५ च्या मधे आकडा आला की मगच मदरबोर्ड. आणि सप्लाय उघडायचाच असेल तर प्लग काढूनही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात. मोजून खात्री झाल्याशिवाय बोट लावू नका. हे काम पहिल्यांदा करणार असाल तर टीव्ही दुरुस्तीचा अनुभव असलेला माणूस शेजारी हवा.

मदरबोर्डला जाणारे दोन प्लग, पी-८ आणि पी-९, दिसायला सारखे असतात आणि उलटसुलट बसतातही. दोन्हीकडच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड जाऊ शकतो.

टॅन्टलमचा पट्टा

सप्लाय चांगला असूनही मदरबोर्ड जोडताच बंद होत असेल, तर १२ व्होल्टच्या लाइनवरचा थेंबाच्या आकाराचा एखादा टॅन्टलम कॅपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. बदलायला सोपा, पण इथे जाणकारही चुकतात. साध्या नळीच्या कॅपॅसिटरवर पट्टा ऋण बाजू दाखवतो, टॅन्टलमवरची खूण धन बाजू. सवयीनं उलटा लावला तर तो डोळ्यांसमोर फुटतो. सोल्डर करताना चष्मा लावाच.

बॅटरीवर खायचा सोडा

२८६ पासून ४८६ पर्यंतच्या बऱ्याच बोर्डांवर निळी किंवा हिरवी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते, आणि तांब्याच्या रेषा खात खात कीबोर्डच्या चिपपर्यंत पोचते. मशीन घरी आलं की त्याच दिवशी, बाकी काही न करता, ही बॅटरी कापून काढा.

साफसफाईत घोळ होतो तो इन्व्हर्टरच्या बॅटरीमुळे. तिथे ॲसिड असतं म्हणून आपण खायचा सोडा टाकतो. इथे गळलेला पदार्थ अल्कली आहे, सोड्यानं काहीच होणार नाही. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, मऊ टूथब्रश, मग इन्व्हर्टरसाठी मिळतं तेच डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. सुकवायला पंख्याखाली ठेवा. कूलरसमोर नको, त्याची हवाच ओली.

नवीन बॅटरी म्हणून कॉइन सेल लावायचा असेल तर मधे डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) हवाच. बोर्ड त्या जागी चार्जिंग करतो आणि लिथियम सेलला चार्जिंग सोसत नाही.

पत्र्याला झिणझिण्या

महाल, इतवारीच्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनला अर्थिंग बऱ्याचदा नसतंच. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. "सवय होते" असं म्हणून लोक सोडून देतात. सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर मेन्सच्या निम्मा व्होल्टेज तरंगत असतो. करंट थोडा असतो, पण चालू मशीनला प्रिंटर किंवा दुसरा कॉम्प्युटर जोडताना पोर्टची चिप उडवायला तेवढा पुरतो. आधी अर्थिंग करून घ्या.

नवतपात उन्हाला लावणं

पिवळी पडलेली कॅबिनेट हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लावून उन्हात ठेवली की उजळते. त्यामुळे नागपूरकर म्हणतो, आपल्याकडे उन्हाची काय कमी! पण राजेहो, या कामाला अतिनील किरण लागतात, भट्टी नाही. ४५ अंशांत, तापलेल्या गच्चीवर पातळ प्लास्टिक वाकतं, आणि क्रीम वाळली तिथे पांढरे ओरखडे उमटतात, ते जात नाहीत. मी हे काम डिसेंबर-जानेवारीत करतो, पारदर्शक टबात पेरॉक्साइडच्या द्रावणात भाग पूर्ण बुडवून, हातात ग्लोव्ह्ज घालून. आणि खरं सांगू का, पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो. मशीन चालत नसताना रंगामागे लागू नये असं माझं ठाम मत आहे.

उन्हाचं आणखी एक: काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिपवरचा (हिच्यात मशीनचा प्रोग्राम साठवलेला असतो) जुना स्टिकर खरवडू नका. आठवडाभर थेट ऊन लागलं तर आतला प्रोग्राम पुसला जाऊ शकतो.

चांगल्या मशीनला मेलेलं ठरवणं

एक्सटी आणि त्याच्या पुढच्या पिढीचा एटी, दोघांच्या कीबोर्डचा गोल पाच पिनांचा प्लग एकच, पण भाषा वेगळी. चुकीचा कीबोर्ड लावला की मशीन चालू होताना कीबोर्ड एरर देतं आणि लोक बोर्ड भंगारात काढतात. कीबोर्डच्या पोटाखाली एक्सटी-एटी बदलणारा छोटा स्विच आहे का बघा. तसंच सॉकेटमधल्या चिपांचं. नागपूरची थंडी आणि उन्हाळा यांत आकुंचन-प्रसरण होऊन त्या हळूहळू वर सरकतात. बंद मशीनमध्ये एकेक चिप अंगठ्यानं दाबून बसवली, एवढ्यावर माझी दोन मशीन सुरू झाली आहेत. स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते. घरातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर त्याला लावू नका.

फ्लॉपी आधी चालवून बघणं

मशीन दुसरं मिळेल, फ्लॉपीतलं मिळणार नाही. म्हणून पहिलं काम राइट-प्रोटेक्ट: सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीनं बुजवायची, साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवायची. पावसाळ्यानंतर चकतीवर बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड बुरशी खरवडतं, आणि पुढच्या दहा फ्लॉप्याही जातात. ३६० केबीच्या फ्लॉपीवर १.२ एमबीच्या ड्राइव्हमधून लिहूही नका. त्याचा ट्रॅक अरुंद पडतो आणि मूळ ड्राइव्हला नंतर तो नीट वाचता येत नाही.

जुनी एमएफएम हार्ड डिस्क (वेगळ्या कंट्रोलर कार्डावर चालणारी, ऐंशीच्या दशकातली) असेल तर तिचं कंट्रोलर कार्ड तिच्याबरोबरच ठेवा. वेगळ्या कार्डाला तीच डिस्क बहुधा वाचता येत नाही. ओळखू न येणारं कार्डही फेकू नका. एका निवृत्त डीटीपीवाल्या काकाजींनी मला मशीन देताना एक लांब कार्ड "हे काही कामाचं नाही, काढून टाका" म्हणून दाखवलं. ते सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसायची ती त्याच्याच जोरावर. ते नसतं तर त्यांची पंधरा वर्षांची कामं आज पडद्यावर निरर्थक चिन्हं म्हणून उमटली असती.

युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या मराठी फाइली अशाच असतात. काही इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या अक्षरसंकेतामध्ये, काही त्या-त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये, आणि काही तर प्रिंटर पोर्टला लावायच्या लॉकशिवाय उघडतच नाहीत. फाइलबरोबर फॉन्ट, सॉफ्टवेअरच्या मूळ फ्लॉप्या, लॉक, सगळं एका डब्यात. आणि त्या जुन्या मशीनवर फाइल एकदा उघडली की पडद्याचा फोटो काढून ठेवा. पुढे रूपांतर करताना "कर्म"चा रफार उडाला की "क्रम"चा रकार, हे ताडायला दुसरं काही हाताशी नसतं.