सगळ्यांचेच केस काळे

स्पॅनिश शिकवायला लागल्यावरचा तिसरा की चौथा रविवार असेल. पुण्यातली शनिवार-रविवारची बॅच, अठरा जण, धडा माणसांच्या वर्णनाचा. उंच, बुटका, जाडा, बारीक, तरुण, म्हातारा अशी विशेषणं फळ्यावर लिहून झाली. तास संपायला दहा मिनिटं होती, तेव्हा म्हटलं, "आता शेजारी बसलेल्याचं वर्णन करा." एका मुलानं शेजारच्या मुलीकडे बघत, फळ्यावरचे शब्द जुळवत म्हटलं, "एस बाखा, एस गोर्दा." बुटकी आहे, जाडी आहे. व्याकरण बिनचूक, लिंगसुद्धा बरोबर. मी "मुई ब्येन", छान, म्हणून मोकळी झाले. वर्ग हसला, ती मुलगीही हसली. पुढच्या शनिवारी ती आली नाही, आणि नंतर कधीच आली नाही.

तिच्या न येण्याला आणखी काही कारण असेलही. पण तेव्हापासून वर्गातल्या कुणाचंही शरीर हा मी अभ्यासाचा विषय होऊ देत नाही. नव्यानं शिकवायला लागलेल्या कुणी विचारलं, तर पहिली गोष्ट मी हीच सांगते. आपल्याकडे सावळी, गोरी, जाडी हे शब्द नुसतं वर्णन करून थांबत नाहीत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांनी त्यांना चिकटवलेलं बरंच काही त्यांच्याबरोबर येतं.

तो प्रयोग फसायला आणखी एक कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. शेजारी बसलेला माणूस सगळ्यांना दिसतच असतो. त्याचं वर्णन कोण कशाला ऐकेल? माणसाचं वर्णन आपण खऱ्या आयुष्यात कधी करतो, ते आठवून बघा. कुणाला तरी स्टेशनवर घ्यायला जायचं असतं, कुणी हरवलेलं असतं, नाव आठवत नसतं, किंवा जो समोर नाही त्याच्याबद्दल गप्पा चाललेल्या असतात. ऐकणाऱ्याला माहीत नसलेलं काहीतरी बोलणाऱ्याला माहीत असतं. ही दरी वर्गात तयार करता आली, की अर्धं काम झालं. पुढचे सगळे खेळ याच एका गोष्टीवर चालतात.

आधी पुस्तकाची अडचण. आपल्याकडे येणारी बरीचशी पाठ्यपुस्तकं स्पेनमध्ये तयार होतात. त्यांत केसांचे रंग भरपूर: रूबिओ म्हणजे सोनेरी केसांचा, कास्तान्यो म्हणजे तपकिरी, पेलिर्रोखो म्हणजे लाल केसांचा. डोळे निळे, हिरवे, घारे. माद्रिदच्या वर्गात हे शब्द कामाचे आहेत, कारण तिथं त्यांनी माणूस ओळखता येतो. पुण्याच्या वर्गात "त्येने एल पेलो नेग्रो इ लोस ओखोस मार्रोनेस", केस काळे आणि डोळे तपकिरी, हे वाक्य अठराच्या अठरा जणांना लागू पडतं. मग आपण माणसं कशावरून ओळखतो? केस मोकळे की बांधलेले, वेणी (त्रेन्सा), कपाळावरची झालर (फ्लेकिल्यो), पिकलेले केस (कानास), चश्मा, मिशी, गालावरच्या खळ्या (ओयुएलोस), हनुवटीवरचा तीळ. तिळाला लुनार म्हणतात, आणि ठिपक्याठिपक्यांच्या कापडालाही दे लुनारेस हाच शब्द. तो सांगितला की वर्ग खूश होतो आणि कपड्यांकडे वळायला वाट मिळते: दे रायास म्हणजे पट्ट्यांचा, दे कुआद्रोस म्हणजे चौकड्यांचा. हे शब्द मी पहिल्याच दिवशी देते. सोनेरी केस नंतर चित्रांत भेटतील तेव्हा बघू. एका तासाला बारा-पंधरा नव्या शब्दांपेक्षा जास्त देऊ नका. पन्नास शब्दांची यादी दिली की मुलं ती वहीत नीट उतरवून घेतात आणि तिथंच ठेवतात.

आता व्याकरण. मी स्वतः ते इंग्रजीतून शिकले, आणि "विशेषणाला लिंग असतं" हे मोठं आश्चर्य असल्यासारखं मला सांगितलं गेलं. मराठी माणसाला त्यात आश्चर्य कसलं? आपण काळा-काळी-काळे म्हणतो, पण उंच, हुशार, सुंदर तसेच ठेवतो. स्पॅनिशमध्ये उंचचं आल्तो-आल्ता होतं, आणि इन्तेलिखेन्ते (हुशार), खोबेन (तरुण), ओप्तिमिस्ता (आशावादी) पुरुषाला नि बाईला सारखेच राहतात. म्हणजे काही विशेषणं विकारी, काही अविकारी, ही आपल्याच घरातली गोष्ट. दमलेला मुलगा "एस्तोइ कान्सादो" म्हणतो, मुलगी "कान्सादा". दमलो आणि दमले. फळ्यावर हे शेजारीशेजारी लिहा, पंधरा मिनिटं वाचतात. वाचलेली मिनिटं बहुवचनाला द्या, कारण मुलं विसरतात तो बहुवचनाचा शेवटचा स.

मराठीमुळे होणाऱ्या चुकाही आहेत, आणि त्या शिक्षकाला आधीच माहीत असाव्यात. आपल्याकडे स्पॅनिशच्या तेनेरसारखं 'जवळ असणं' सांगणारं क्रियापद नाही. आपण "त्याला मिशी आहे" म्हणतो. त्यामुळे मुलं हमखास "एस बिगोते" म्हणतात, म्हणजे तो स्वतःच मिशी आहे. मी मिशीला हात-पाय काढून फळ्यावर उभी करते, चूक पुन्हा होत नाही. केसही तसेच. आपल्याकडे केस अनेकवचनी, म्हणून मुलं "सुस पेलोस", त्याचे केस, म्हणतात. स्पॅनिशमध्ये डोक्यावरचे केस एकवचनी पेलो. पेलोस म्हटलं की सुटे केस डोळ्यांपुढे येतात, अंगावरचे किंवा ताटात सापडलेले. वयाचंही तेच: "वीस वर्षांचा आहे" असं नाही, वीस वर्षं त्याच्याकडे असतात, त्येने बेइन्ते आन्योस. इथं न्य नीट उच्चारायला लावा. नुसतं आनोस म्हटलं तर त्या माणसाला वीस गुदद्वारं होतात. हे मोठ्यांच्या वर्गात मी सांगते, शाळेत गाळते.

सगळ्यात मराठी चूक मात्र वेगळीच. "कोमो एस तू एर्मानो?", तुझा भाऊ कसा आहे, असं विचारलं की उत्तर येतं, "ब्येन, ग्रास्यास." बरा आहे, धन्यवाद. कारण आपला 'कसा आहे' दोन्हीकडे चालतो, तब्येतीलाही आणि स्वभाव-रूपालाही. स्पॅनिशमध्ये कोमो एस्ता म्हणजे बरा आहे ना, आणि कोमो एस म्हणजे कसा आहे, वर्णन कर. सेर आणि एस्तार या दोन 'असण्यां'वर लोक तासन्तास व्याख्यानं देतात. मी मराठी वाक्यं देते. एस गुआपा: दिसायला छान आहे. एस्ता गुआपा: आज छान दिसतेय. एस मोरेनो: सावळा किंवा काळ्या केसांचा आहे. एस्ता मोरेनो: उन्हानं रापलाय. एस्तास मास गोर्दो: सुटलास की रे! शेवटचं वाक्य एकदा ऐकलेला विद्यार्थी एस्तार विसरत नाही.

आता खेळ. माझा सगळ्यात आवडता 'स्टेशन'. भिंतीवर बारा फोटो लावायचे. रविवारच्या पुरवण्यांतून कापलेले अनोळखी चेहरे मला बरे वाटतात. नटनट्या नकोत, त्यांना नावानंच ओळखतात. जोडीतला एक फोनवर, पाठ भिंतीकडे, हातात एका फोटोची प्रत. दुसरा पुणे स्टेशनवर कुणाच्या तरी मावशीला घ्यायला आलाय आणि गाडी लागलीय. "कोमो एस तू तिआ?" बोलणाऱ्यानं वर्णन करायचं, ऐकणाऱ्यानं भिंतीपाशी फिरत मावशी शोधायची. गंमत फोटोंच्या निवडीत आहे. बारापैकी तीन बायका जवळजवळ सारख्या हव्यात: तिघींना चश्मा, तिघींची साडी, दोघींचे केस पिकलेले. मग "येबा गाफास", चश्मा लावलाय, म्हणून सुटका होत नाही, आणखी खोलात जावंच लागतं. पहिल्या वेळी माझे बाराही फोटो एकमेकांपासून अगदी वेगळे होते. खेळ चार मिनिटांत संपला आणि मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. साडीला स्पॅनिशमध्ये सारीच म्हणतात, हेही तिथंच निघतं. टिकलीला सोयीचा शब्द नाही. कुणी "उन पुन्तो रोखो", लाल ठिपका, असं सांगून वेळ मारून नेतो. ते शाबासकी देण्यासारखं आहे, कारण शब्द नसताना काम भागवणं हीच पहिल्या पातळीची खरी कला.

याचाच चुलत भाऊ 'हरवले आहेत'. वर्तमानपत्रातलं निवेदन मराठीत सगळ्यांना पाठ असतं: वर्ण सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ, अंगात निळा शर्ट. ते स्पॅनिशमध्ये लिहायला द्या. हरवलेली व्यक्ती मात्र खरी नको. मी कधी मांजर हरवते, कधी मुख्याध्यापक.

'क्येन एस क्येन', म्हणजे चोवीस चेहऱ्यांचा आणि फक्त हो-नाहीच्या प्रश्नांचा विकतचा खेळ, तुम्हाला माहीत असेल. तो घरीही बनतो. एकच सांगते, विकतच्या संचात केसांचे रंग आणि टोप्याच फार असतात. आपला बनवताना वेण्या, दाढ्या आणि चश्मे वाढवा.

पाठीला पाठ लावून चित्र काढण्याचा खेळही चांगला आहे, पण चित्र येत नाही म्हणून रडणारे मोठे लोक मी पाहिलेत. पाच मिनिटांत आटपा.

चित्रांवर मात्र रेंगाळा. मेक्सिकोची चित्रकार फ्रीदा काहलो हिचं १९३९ चं 'लास दोस फ्रीदास', म्हणजे दोन फ्रीदा, घ्या. दोघी शेजारीशेजारी बसलेल्या, चेहरा एकच, जुळलेल्या भुवया त्याच. चेहऱ्याचं वर्णन करून काही उपयोग नाही, म्हणून मुलं आपोआप कपड्यांवर येतात: एकीचा पांढरा युरोपीय झगा, दुसरीचा तेउआना, म्हणजे मेक्सिकोतला पारंपरिक, पोशाख. येबा, म्हणजे 'घातलंय', हे क्रियापद शिकवायला यापेक्षा सोपी जागा मला सापडलेली नाही.

स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचं 'लास मेनिनास' (१६५६, माद्रिदचं प्रादो संग्रहालय) थोडं पुढच्या वर्गाला. आरशातले राजाराणी धरून अकरा माणसं आणि एक कुत्रा. मी चुकीचं वर्णन करते, वर्ग मला दुरुस्त करतो. "चित्रकाराला मिशी नाही." "सी, त्येने बिगोते!" "राजकन्येचे केस काळे आहेत." "नो, एस रूबिआ!" अखेर रूबिआ शब्दाला काम मिळतं. शिक्षक चुकतोय याचा आनंद असा असतो, की एरवी तोंड न उघडणारेही ओरडतात. मग दाराच्या पायऱ्यांवरचा माणूस, कुत्र्यावर पाय ठेवलेला मुलगा, यांच्यामुळे मागे, उजवीकडे, जवळ हे शब्द येतात. नंतर पिकासोनं १९५७ मध्ये याच चित्रावरून केलेल्या मालिकेतलं एखादं दाखवते. बार्सिलोनाच्या त्याच्या संग्रहालयात ती ५८ चित्रं आहेत. "यात राजकन्या कुठली?" हा प्रश्न विचारला, की पुढची वीस मिनिटं मी गप्प बसते. एक सावधगिरी: मूळ चित्रात दरबारातली ठेंगणी माणसंही आहेत. त्यांच्यावरून विनोद सुरू होण्याआधी त्यांची नावं सांगून टाका. मारी बार्बोला हे नाव कळलं की ती चेष्टेचा विषय राहत नाही.

शरीराचे शब्द टाळूनच टाकावेत का? नाही. गोर्दो (जाडा), फ्लाको (बारीक) शिकवावेच लागतात, आणि लॅटिन अमेरिकेत ते लाडानं हाक मारायलाही वापरतात, हेही सांगावं लागतं. मेक्सिकोत बाजारातला विक्रेता गिऱ्हाइकाला गुएरो, म्हणजे 'गोऱ्या', म्हणून बोलावतो, मग ते गोरं असो वा नसो. आपल्या 'जाड्या'-'काळ्या'ची मुलांना लगेच आठवण होते, आणि हे कुणाला म्हणावं नि कुणाला नाही यावर चर्चा होते. ती मराठीत होऊ द्या. त्याच ओघात 'इतो' शिकवते: बाखितो, गोर्दिता, मोरेनिता. आपण "बुटकीशी", "सावळीशी" म्हणतो तशी धार बोथट करणारी शेपटी. 'सा-शी-सं' सांगितलं की एका मिनिटात समजतं.

स्वभावाच्या विशेषणांत धोका इंग्रजीचा, सारखे दिसणारे शब्द फसवतात. सेन्सिब्ले म्हणजे हळवा, समंजस नव्हे. एदुकादो म्हणजे चांगल्या वळणाचा, शिकलेला असेलच असं नाही. एम्बारासादा म्हणजे गरोदर, आणि "मला लाज वाटली" म्हणायला गेलेल्या एका विद्यार्थिनीनं आमच्याकडे तो शब्द वापरून झालेला आहे. स्वभावाला नुसतं विशेषण पुरत नाही, पुरावा मागा. "माझी आजी खेनेरोसा (उदार) आहे" असं म्हटलं, तर का, ती काय करते? या एका प्रश्नावर वर्तमानकाळाची सगळी उजळणी होते, आणि आजीबद्दल बोलायला कुणी थकत नाही. घरच्या माणसांचं वर्णन करताना "से पारेसे आ" द्या, आईच्या वळणावर गेलीय असं सांगायला.

चुका दुरुस्त करायची घाई नको. खेळ चालू असताना मी एका कागदावर टिपत जाते आणि शेवटची दहा मिनिटं फळ्यावर नावं न घेता लिहिते. मिशी झालेला माणूस त्यात दर बॅचला असतोच.

आणि शेजाऱ्याचं वर्णन करायला आता मी सांगत नाही. त्याऐवजी प्रत्येकानं चिठ्ठीवर स्वतःचं वर्णन लिहायचं, आपल्याला सांगावंसं वाटेल तेवढंच. चिठ्ठ्या टोपीत, मी वाचते, वर्ग ओळखतो. गेल्या बॅचला एका आळशानं एवढंच लिहिलं होतं: केस काळे, डोळे तपकिरी, क्येन सोइ, मी कोण? मी वाचलं. क्षणभर सगळे एकमेकांच्या डोक्यांकडे बघत राहिले, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तोदोस." सगळेच.