ऊसतोड मजुरांच्या मुलांसोबत काम करू पाहणाऱ्यांसाठी

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसोबत काम करू लागले, त्याला आता सहा हंगाम झाले. बीड, अहिल्यानगर भागातून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास इथे उतरतात, फडाजवळ किंवा साखर कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी परततात. या काळात मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल मात्र इथे असते.

पहिल्याच हंगामात माझ्या हातून एक चूक झाली. एका तळावरची नऊ वर्षांची मुलगी आमच्या वर्गाला आठवड्यातून जेमतेम दोन दिवस यायची आणि तेव्हाही वर्गाच्या दारातच उभी राहायची. मी तिच्या आईला शिक्षणाचे महत्त्व दोनदा आणि काहीशा कडक शब्दांत सांगितले. तिसऱ्या वेळी पहाटे चार वाजता गेले, तेव्हा आई भाकरी फडक्यात बांधून कोयता घेऊन निघत होती आणि मुलगी वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन चुलीतली लाकडे मागे ओढत होती. झोपलेला भाऊ उठून रडला तर लगेच धावता यावे, म्हणून ती दारात थांबत असे. नवरा-बायकोच्या जोडीने मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या वजनावर फिटते. त्या आईने घरी थांबावे कसे, याचा विचार मी केलाच नव्हता. आम्ही वर्गाशेजारच्या खोलीत साड्यांच्या दोन झोळ्या बांधल्या, टोळीतल्याच एका आजींना मानधनावर नेमले आणि पुढच्या आठवड्यात ती मुलगी पाटी घेऊन आत बसली.

म्हणून नव्या कार्यकर्त्यांनी अभ्यासक्रमाच्या आधी मुलाचा पूर्ण दिवस पाहावा, असे मला मनापासून वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा गरिबाच्या मुलाला शाळेइतकीच राहण्याजेवण्याची सोय लागते हे त्यांनी ओळखले होते.

कागदपत्रांसाठी कोणत्याही मुलाला परत पाठवू देऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवावे लागते. मुख्याध्यापकांना हे कलमाच्या प्रतीसह, पण आदराने सांगावे. बहुतेकजण मदतच करतात. सहा वर्षांखालील मुलांना जवळच्या अंगणवाडीत न्या आणि सेविकाताईंकडून दंडघेर मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित असते आणि त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. मूल संकटात दिसले तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवावे. मुलांचे फोटो मात्र काढू नका. कोपीला दार नसले तरी ते कुणाचे तरी घर असते.

सर्वांत जास्त मुले परतीच्या वेळी निसटतात. पट्टा पडण्याची तारीख निश्चित नसते, टोळी कधी कधी एका रात्रीत गाड्या भरून निघून जाते, त्यामुळे फेब्रुवारीतच प्रत्येक मुलाच्या गावच्या शाळेचे नाव आणि तिथल्या गुरुजींचा फोन नंबर वहीत लिहून ठेवावा आणि हजेरीचा दाखला आईच्या हाती द्यावा. माझ्या वहीत त्या मुलीच्या पानावर गेल्या हंगामात तिच्या भावाचेही नाव लिहिले आहे. तो आता पहिलीत आहे.