प्रॉक्समार्क हातात घेण्याआधी: खान्देशातून आरएफआयडी शिकणाऱ्यांसाठी

आरएफआयडी (रेडिओ लहरींनी कार्ड वाचण्याचं तंत्र) शिकायला प्रॉक्समार्क३ हे कार्ड वाचायचं-तपासायचं यंत्र घ्यावं का, असं जळगाव-धुळ्याकडची इंजिनिअरिंगची आणि पॉलिटेक्निकची मुलं मला विचारतात. मी आधी त्यांनाच विचारतो, तुला कार्डाची नक्कल काढायची आहे, की कार्ड आणि रीडर एकमेकांशी काय बोलतात ते समजून घ्यायचंय? नक्कलच काढायची असेल तर स्वस्तातलं कॉपी मशिन बाजारात मिळतं आणि त्यात शिकण्यासारखं काही नसतं. बोलणं समजून घ्यायचं असेल तर पुढचं वाचा.

मी जळगावच्या एमआयडीसीत हजेरीची यंत्रं आणि गेटचे रीडर बसवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये कामाला लागलो. डाळ मिल, चटईचे कारखाने, पाइपचे कारखाने, सगळीकडे एकच काम: भिंतीला रीडर, कामगाराच्या गळ्यात कार्ड. कार्ड टेकवलं की ‘टुक’ होतं, पण त्या आवाजाच्या आत काय घडतं हे सांगणारं फर्ममध्ये कुणी नव्हतं. ते मला प्रॉक्समार्कने दाखवलं.

हे यंत्र मूळचं जोनाथन वेस्टह्यूज यांचं. 2007 च्या सुमारास त्यांनी सर्किट आणि कोड दोन्ही सगळ्यांसाठी खुले केले. बोर्डावर एक आर्म प्रोसेसर, एक एफपीजीए चिप (आतलं सर्किट हवं तसं जुळवता येणारी) आणि दोन अँटेना असतात, एक 125 किलोहर्ट्झच्या आसपासची आणि दुसरी 13.56 मेगाहर्ट्झची. एफपीजीए अँटेनावरचा कच्चा सिग्नल हाताळते, आर्म वेळ आणि प्रोटोकॉल सांभाळतो आणि उरलेला हिशोब तुमच्या लॅपटॉपवरचा ‘क्लायंट’ करतो. आज सगळ्यात जिवंत असलेला कोड म्हणजे आरएफआयडी रिसर्च ग्रुपच्या नावाने गिटहबवर असलेली, ‘आइसमन फोर्क’ म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती. परवाना जीपीएल, म्हणजे वाचा, बदला, वाटा.

नवशिक्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मनावर घ्यावी. हे प्रयोग करणाऱ्यांचं सॉफ्टवेअर आहे, दुकानातलं तयार उत्पादन नव्हे. कोड सतत बदलतो. कमांडची नावं बदलतात, तिच्यापुढे द्यायचे पर्यायही बदलतात. जुना व्हिडिओ बघून त्यातली कमांड जशीच्या तशी टाकली तर बहुधा चालणार नाही. वैतागू नका, कमांडच्या गटापुढे ‘हेल्प’ किंवा कमांडपुढे ‘-h’ लिहा. आज खरं काय आहे ते तिथेच कळतं. मी तर म्हणेन, पहिला आठवडा व्हिडिओ बघूच नका, नुसती हेल्प वाचा.

बोर्ड कोणता घ्यायचा? ‘आरडीव्ही४’ नावाचा प्रॉक्समार्क बोर्ड उत्तम आहे, पण महाग. विद्यार्थ्याला ‘प्रॉक्समार्क३ इझी’ नावाने मिळणारा बोर्ड पुरतो, काही हजारांत येतो. घेताना मेमरी विचारा. 512 केबीचा असेल तर निवांत. 256 केबीचा असेल तर सगळं फर्मवेअर (बोर्डावर चालणारा कोड) त्यात मावत नाही, काही भाग वगळून कंपाइल करावं लागतं.

आता बसवण्याबद्दल. इथेच निम्मी मुलं गळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लिनक्सवर काम करा. उबंटू असलेला जुना लॅपटॉपही चालतो. सगळ्यात आधी ‘मोडेममॅनेजर’ नावाची सेवा काढून टाका. यंत्र जोडलं की लिनक्सला ते मोडेम वाटतं आणि ही सेवा त्याच्याशी मध्येच बोलायला जाते. नेमकं फ्लॅश करताना, म्हणजे बोर्डावर फर्मवेअर लिहिताना, असं झालं तर बोर्ड निकामी होऊ शकतो. मग स्वतःच्या युजरला ‘डायलआउट’ गटात टाका, नाहीतर पोर्ट उघडणार नाही. कोड उतरवल्यावर प्लॅटफॉर्मच्या मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) बोर्डाचा प्रकार लिहायचा असतो. तिथे काही लिहिलं नाही तर तो आरडीव्ही४ धरतो. इझी असेल तर ‘पीएम३जेनेरिक’ लिहा.

फ्लॅशिंगचं एक सूत्र पाठ करा: बूटरॉम (बोर्ड सुरू करणारा छोटा कोड, म्हणजेच बूटलोडर) वेगळं, मुख्य फर्मवेअर वेगळं. मुख्य फर्मवेअर टाकताना काही बिघडलं तर बोर्डावरचं बटण दाबून धरत यूएसबी जोडायची, की बूटलोडर जागा होतो आणि पुन्हा टाकता येतं. पण बूटरॉम लिहितानाच वीज गेली तर यूएसबीने तो परत येत नाही, मग थेट चिपला जोडायची जेटॅगची तार लावावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइटीचा भरवसा नसतो, तेव्हा हे काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर करा, डेस्कटॉपवर नको. केबलही डेटाची घ्या, कारण मोबाइलच्या पुष्कळ केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात. आणि क्लायंट व फर्मवेअर एकाच वेळी कंपाइल केलेले असू द्या. दोन्ही वेगवेगळ्या तारखांचे असले की विचित्र चुका दिसतात आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो.

यंत्र सुरू झालं की पहिली कमांड ‘एचडब्ल्यू ट्यून’. ती दोन्ही अँटेनांवरचं व्होल्टेज दाखवते. आता एक कार्ड अँटेनावर ठेवून पुन्हा चालवा. कार्डाच्या जातीच्या अँटेनाचं व्होल्टेज खाली उतरलेलं दिसेल, कारण कार्डाला स्वतःची बॅटरी नसते, ते तुमच्याच चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा घेतं. कार्ड कोणत्या पट्ट्यातलं आहे हे इथेच कळलं. यंत्र लोखंडी टेबलावर ठेवू नका, धातूमुळे अँटेनाचा सूर बिघडतो. लाकडी पाट घ्या.

आणि आता माझं मुख्य म्हणणं. ‘एलएफ सर्च’ (एलएफ म्हणजे 125 किलोहर्ट्झकडचा कमी वारंवारतेचा पट्टा) ही कमांड तुम्हाला दोन सेकंदांत कार्डाचा क्रमांक सांगेल. ती एकदा चालवा आणि मग बाजूला ठेवा. तोच क्रमांक आता लहरीवरून हाताने काढा. हा एक अभ्यास पुरा केलात तर पुढचे सगळे दरवाजे उघडतात, आणि तो टाळलात तर वर्षभर नुसत्या कमांडी पाठ होतील.

करायचं असं. हजेरीचं जाड पांढरं कार्ड घ्या, ते बहुतेक ईएम४१०० जातीचं असतं. सिग्नल वाचून ‘डेटा प्लॉट’ने आलेख उघडा. वरखाली जाणारी लहर दिसेल. एक बिट म्हणजे वाहक लहरीची 64 आवर्तनं, आणि प्रत्येक बिटच्या मधोमध लहर पालटलेली असते, याला मँचेस्टर पद्धत म्हणतात. एकूण 64 बिट्स पुन्हा पुन्हा फिरत राहतात. त्यात सलग नऊ वेळा ‘1’ येतो तो शोधा, ते डोकं. त्यानंतर चार बिट डेटा आणि एक पॅरिटी (‘1’ची संख्या सम ठेवणारा ताळ्याचा बिट), अशा दहा ओळी. मग उभ्या रकान्यांच्या चार पॅरिटी आणि शेवटी एक शून्य. नऊ, चाळीस, दहा, चार, एक. बेरीज 64. कागदावर पाच-पाचच्या ओळी मांडत गेलात की कार्डाचा क्रमांक तुमच्या समोर उभा राहतो.

ताळा करायला कार्डावरचा छापील आकडा आहेच. समजा कार्डावर 0004567890 आणि पुढे 069,45906 असं छापलंय. 4567890 ला 65536 ने भागा: भागाकार 69, बाकी 45906. म्हणजे छापलेले दोन्ही आकडे एकाच क्रमांकाची दोन रूपं आहेत. सोळाच्या पायात तोच क्रमांक 45बी352 होतो. आता तुमच्या कागदावरची ‘बी’ची ओळ बघा: 1011, त्यात तीन ‘1’, म्हणून पॅरिटी 1. ‘5’ची ओळ 0101, पॅरिटी 0. हे जुळलं की जो आनंद होतो तो मला अजून आठवतो.

यातून आणखी एक गोष्ट लख्ख कळते. या कार्डात गुपित असं काहीच नाही. जो कुणी त्याला ऊर्जा देईल त्याला ते आपला क्रमांक सांगून मोकळं होतं. एका डाळ मिलच्या शेठजींना मी हे समजावलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “मग आमची कार्डं कॉपी होतात का?” मी आधी त्यांच्या लेटरहेडवर परवानगी लिहून घेतली, त्यांनीच दिलेलं एक कार्ड वाचलं आणि टी५५७७ या पुन्हा लिहिता येणाऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवलं. गेटच्या रीडरने ते बिनतक्रार घेतलं. वॉचमन काका जवळ येऊन म्हणाले, “हाई काय शे, भाऊ?” त्यांना मी सगळं पहिल्यापासून दाखवलं. मिलमध्ये पुढे वेगळ्या जातीची कार्डं आली.

ती लेखी परवानगी दिखाव्याची नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 43 आणि 66 नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत अप्रामाणिकपणे किंवा कपटाने शिरणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॉलेजचं ओळखपत्र, हॉस्टेलचं दार, मित्राच्या कंपनीचं कार्ड, यातलं काहीही ‘गंमत म्हणून’ वाचू नका. अभ्यासाला कोरी कार्डं स्वस्तात मिळतात. मी कामाला घेतलेल्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतो आणि यावर वाद घालत नाही.

एलएफ हातात बसल्यावर 13.56 मेगाहर्ट्झकडे वळा. इथे मायफेअर क्लासिक जातीचं कार्ड भेटेल. एक के कार्डात 16 सेक्टर, प्रत्येकात चार ब्लॉक, प्रत्येक ब्लॉक 16 बाइटचा. सेक्टरच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये ए आणि बी अशा दोन चाव्या आणि परवानग्यांचे बिट्स. चावी 48 बिटची, सांकेतिक पद्धत क्रिप्टो१. ती गुप्त ठेवली होती, पण डिसेंबर 2007 मध्ये कार्स्टेन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी चिप खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे थर बघून ती उलगडल्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांचा याच कार्डाच्या कमकुवतपणावरचा निबंध थांबवायला त्याची चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी 2008 मध्ये कोर्टात गेली, कोर्टाने प्रकाशनाला परवानगी दिली. त्यानंतर डार्कसाइड, नेस्टेड, हार्डनेस्टेड असे चाव्या काढण्याचे हल्ले येत गेले. कंपन्यांनी चिप सुधारली की संशोधकांनी नवी वाट काढली. 2024 मध्ये फिलिप ट्युवेन यांना एका चिनी बनावटीच्या सुसंगत चिपमध्ये मागचा दरवाजाच सापडला आणि त्याची साधनं याच प्रकल्पाच्या कोडमध्ये आली.

‘ऑटोपॉन’ नावाची कमांड हा सगळा इतिहास एका एंटरमध्ये चालवते. मोह होतो. पण आधी कोऱ्या कार्डावर कार्ड बनतानाच घातलेली मूळ चावी वापरून, म्हणजे बारा वेळा ‘एफ’, एक सेक्टर स्वतः वाचा. मग ‘ट्रेस लिस्ट’ उघडून रीडर काय म्हणाला, कार्ड काय म्हणालं, ते ओळीओळीने लावा. कार्डाने पाठवलेला चार बाइटचा यादृच्छिक आकडा दिसेल. बहुतेक हल्ले त्या आकड्याच्या कमकुवतपणावर उभे आहेत. हे समजल्यावर ऑटोपॉन वापरा, तेव्हा ते काय करतंय हे तुम्हाला दिसेल.

एक गैरसमज इथेच काढतो. फास्टॅग यावर वाचता येत नाही. तो 865 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी न थांबता तो काही मीटरवरून वाचला जातो तो म्हणूनच. प्रॉक्समार्कचा अँटेना त्या पट्ट्यातला नाही. गुरांच्या कानातला पिवळा बारा अंकी बिल्लाही यात येत नाही, तो छापील असतो. पण कातडीखाली टोचायची जनावरांची काचेची चिप 134.2 किलोहर्ट्झवर चालते आणि यावर व्यवस्थित वाचली जाते. तिच्या 15 अंकांतले पहिले तीन देशाचे असू शकतात, भारताचे 356. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी ओळख असेल तर हा प्रकल्प अंतिम वर्षाला फार चांगला आहे. आपल्याकडे जनावरं आहेत, गरज आहे आणि विषय कुणी फारसा घेत नाही.

नोकरीचं म्हणाल तर ‘आरएफआयडी हॅकर’ अशी जागा कुठे निघत नाही. पण या एका यंत्राच्या कोडमध्ये सी आहे, एफपीजीएसाठी व्हेरिलॉग आहे, स्क्रिप्टसाठी लुआ आणि पायथन आहेत. मला फर्मवेअर तपासणीचं काम मिळालं ते मुलाखतीत एक ट्रेस समोर ठेवून तो ओळीओळीने वाचून दाखवला म्हणून. प्रमाणपत्राचं कुणी विचारलं नाही. पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही, हे आपल्याकडचं म्हणणं या कामात तरी खरं नाही. कोड सगळ्यांना सारखाच उतरवता येतो, यावलमधूनही आणि शहाद्यातूनही.

प्रकल्पाला हातभार लावायचा तर मोठं काही सुचायची वाट बघू नका. हेल्पमधलं चुकलेलं वाक्य, न जुळणारं उदाहरण, तुमच्या बोर्डावर न चालणारी कमांड, एवढं पुरे. अडचण कळवताना ‘एचडब्ल्यू व्हर्जन’चं पूर्ण उत्तर, नेमक्या कमांडी क्रमाने आणि शक्य असेल तर सिग्नलची फाइल जोडा. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलंत तर कुणालाच काही करता येत नाही. कार्ड दुसऱ्याचं असेल तर त्याचा क्रमांक आणि चाव्या पाठवण्याआधी पुसा. कोडमधला बदल पाठवत असाल तर आधी ‘मेक स्टाइल’ (कोडची मांडणी नीट करणारी कमांड) चालवा आणि चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, आपली एक ओळ जोडा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, माझं पहिलं वर्णन चार वाक्यांचं होतं आणि बदल घेतला गेला.